आई-बाबांना, विक्रांतवरून

16 जानेवारी 1972

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

हे पत्र टपालात न टाकता आपल्या वाडीतल्या मुलाच्या हाती देतोय, तो रजेवर निघालाय. लढाईत माझी पत्रं दोन ओळींची यायची, आई रागावली असणार. पण कुठे आहोत ते लिहायची परवानगीच नव्हती.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो. बाबा, जूनमध्ये दहा वर्षं पुरी झाली की घरी येऊन कलमं बघेन, असं मी कबूल केलं होतं. पण मी मुदत वाढवून घेतली आहे, पाच वर्षांनी. गेल्या सोमवारी सही केली. विचारलं असतं तर तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात आणि आठ दिवस धड जेवला नसतात. तरी विचारायला हवं होतं. शिमग्याला येतोय, तेव्हा समोर बसवून काय बोलायचं ते बोला.

पैशासाठी नाही केलं. कलमांचा कंटाळा म्हणूनही नाही, मोहोराच्या दिवसांत इथे झोप लागत नाही मला. आमच्या बॉयलरच्या ड्रमना 1970 सालीच तडे गेले होते, वेल्डिंगने न बुजणारे. सात महिने यंत्रं थंड पडून होती. नवे ड्रम इंग्लंडहून मागवले, पण लढाई काही त्यांच्यासाठी थांबली नसती. म्हणून वाफेचा दाब 400 पौंडांवर अडवला, वेग 14 नॉटवर आणला आणि तसंच जहाज बाहेर काढलं. वारा पडला की अलीझे विमानं उडवायची पंचाईत, कारण जोरात धावून समोरून वारा घ्यायची जहाजात ताकद नव्हती. असे बॉयलर तान्ह्या पोरासारखे सांभाळावे लागतात. ज्यांना त्यांची सवय आहे त्यातला मी एक. नव्या पोरांच्या हाती ते असेच सोपवून मी कसा येऊ, सांगा.

4 डिसेंबरला सकाळी अकराला आठ सी हॉक विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेली. आम्ही तळाशी, आम्हाला ना आकाश दिसतं ना समुद्र. पाण्याच्या पातळीची काच असते, तिच्यावरून नजर काढायची नाही, हे माझं काम. विमान फेकणारं कॅटापुल्ट आमच्याच वाफेवर चालतं. वर धाडकन आवाज होतो, पायाखालची प्लेट थरथरते, दाबाचा काटा किंचित खाली बसतो आणि परत चढतो. मी आठ मोजले. विमान उतरतं तेव्हाचा दणका वेगळा, जड. तेही आठ मोजून झाले तेव्हा शेजारचा चीफ नुसता माझ्याकडे बघून हसला. दुपारी चितगाव, मग पुढे खुलना, मोंगला. आमचं एकही विमान गेलं नाही, आई. पाकिस्तानची गाझी पाणबुडी आमच्याच शोधात आली होती आणि विशाखापट्टणमजवळ बुडाली, हे आम्हाला नंतर कळलं. आता काही भीती नाही. जेवण पोटभर आहे, मासे असतात, अंथरूण कोरडं आहे, खोकला नाही. फक्त पेज आणि तुझं कुळथाचं पिठलं नाही. दर्यावर पहाटे गार लागतं तेव्हा तू शिवलेली गोधडी आठवते. तापात तू तिच्यात गुंडाळून मला रात्रभर मांडीवर घेऊन बसली होतीस, ती.

आता तुमचं. बाबा, फवारणीला झाडावर चढायचं नाही, गडी लावा, पैसे मी पाठवतो. विहिरीचं पाणी शेंदायचं नाही. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आईच्या डोळ्याचं आता पुढे ढकलू नका, पावसाच्या आत रत्नागिरीला नेऊन ऑपरेशन करून घ्या. दादा नको म्हणाला तरी न्या. पडवीची कौलं मे महिन्यात चाळून घ्या, मागच्या वर्षीसारखं जूनपर्यंत थांबू नका.

बाबा, पुढचं आईला सावकाश वाचून दाखवा.

आई, 9 डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली, ते तू रेडिओवर ऐकलं असशील. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. गेल्या मे महिन्यात माझ्याबरोबर आलेला, घावनं खाऊन खाऊन तुला "आई, बस" म्हणणारा माझा केरळचा दोस्त तिच्यावर होता. तोही खालीच, इंजिनावर. मला खूप दिवस हे लिहिता आलं नाही. सही करताना तोच डोळ्यांसमोर होता, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

त्याचा निळा पंचा आपल्याकडे राहिलाय, मागच्या दारच्या दोरीवर होता. तो कुणाला वापरायला देऊ नकोस. धुऊन, घडी करून माझ्या ट्रंकेत ठेव. शिमग्याला आलो की घेऊन जाईन, त्याच्या आईकडे पोचवायचा आहे.

तुमचा,
बाळ