१० जुलै : नाईक यशवंत घाडगे यांचा स्मृतिदिन

सर्व सभासदांना नमस्कार. कार्यक्रम नेहमीच्या सभागृहात, सकाळी ९ वाजता. पावणेनऊला जागेवर असावे.

फलकाचा मजकूर आधी तपासून घ्या. 'परमवीर चक्र' छापू नका. ते १९५० मध्ये सुरू झाले. घाडगेंना मरणोत्तर 'व्हिक्टोरिया क्रॉस', म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. मूळचे माणगाव तालुक्यातले हे पोरगं दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अवघ्या बाविसाव्या वर्षी पडलं. सेक्शनमधले (हाताखालच्या छोट्या तुकडीतले) बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तरी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून मशीनगनवरच्या उरलेल्या दोघा शत्रूंना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या. देह सापडला नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे, म्हणून निवेदनात 'समाधी' म्हणू नये.

राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणायचा नाही, तो सरकारी आदेशाशिवाय आणता येत नाही. फोटोच्या टेबलावरही तिरंगा अंथरू नका. पांढरी चादर पुरे.

पुष्पचक्र दीड फुटाचे, बांबूच्या कड्यावर, बारीक तारेने बांधलेले हवे. पावसात झेंडू पाणी पिऊन जड होतो आणि दोऱ्याची गाठ सरकते. फुले आदल्या संध्याकाळी आणून गारव्याला ठेवावीत, बंद पिशवीत नको, सडतात.

आपल्या गावचा कोणी परदेशात पडला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) यादीत शोधा. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून बघा, 'मराठा'सुद्धा तिथे जुन्या पद्धतीने लिहिलेला आहे. सापडलेली नावे ५ जुलैपर्यंत द्या, १० तारखेच्या कार्यक्रमात वाचू.