दोषारोपपत्राबाहेरच्या कागदांची यादी देणाऱ्या सरकारी वकील मॅडमना

मॅडम, सादर नमस्कार.

तुम्ही सरकार पक्षाच्या, आम्ही आरोपीच्या बाजूने उभे राहणारे. तरीही तुमच्या निवृत्तीनंतर हे आभार जाहीरपणे मानायचे आहेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 230 प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत त्याला दोषारोपपत्राच्या नकला फुकट मिळतात. पण त्या पोलिसांनी ज्यांवर भिस्त ठेवली त्याच कागदांच्या. खरी मेख उरलेल्या कागदांत असते: आरोपीला न ओळखणाऱ्या साक्षीदाराचा जबाब, जप्त करून बाजूला ठेवलेला मोबाइल. अशा सामग्रीची यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या 2022 च्या निकालात सांगितले. यादी दडवली की बचावाचे हातच बांधले जातात. त्याच संहितेच्या कलम 94 खाली (कागद हजर करायला लावण्याची तरतूद) ‘सगळे कागद द्या’ असा अर्ज केला तर तो मोघम म्हणून फेटाळला जातो. नेमका कागद आणि त्याची तारीख लिहिली तर टिकतो. तुम्ही यादी आरोप निश्चितीआधी, न मागता हातात ठेवायचात.

निवेदन पंचनाम्याबाबत, म्हणजे वस्तू काढून देतो असे आरोपीने पोलिसांना सांगितलेले पंचांसमोर लिहून घेतात त्याबाबत, तर तुमचे ऋण मोठे आहे. समजा, पंचनाम्यात लिहिले आहे: ‘ज्या चाकूने मी त्याला भोसकले तो विहिरीशेजारी पुरला आहे, काढून देतो.’ साक्ष अधिनियमाच्या कलम 23 खाली यातले पुरणे आणि काढून देणे एवढेच चालते. ‘ज्या चाकूने भोसकले’ ही पोलिसांपुढची कबुली, ती चालत नाही. पुलुकुरी कोटय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय) हे स्पष्ट केले, तरी आजही अख्ख्या पंचनाम्याला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडते आणि कबुली मागच्या दाराने अभिलेखावर येते. पंचाची सरतपासणी (आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी) घेताना तुम्ही ग्राह्य भाग कंसात घालून तेवढाच सिद्ध करायचात. आमच्या हरकतीची वेळच येत नसे.

सीसीटीव्हीच्या पेनड्राइव्हचेही तेच. जालन्याच्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 साली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र सक्तीचे ठरले. मूळ यंत्रच न्यायालयात हजर करून मालकाने शपथेवर सांगितले तर गोष्ट वेगळी. आता साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) हवे. ते जुळत नसेल तर तुम्ही स्वतःच न्यायालयाला सांगायचात. शिक्षा पदरात पाडण्यासाठी तुम्ही कधी त्यावर पांघरूण घातले नाही.

तुमच्या यादीचा नमुना आम्ही जपला आहे: अनुक्रमांक, वस्तू वा कागद, तारीख, कोणाकडून मिळाला, सध्या कुठे आहे. शेवटचा रकाना भरला नाही तर चित्रण हातचे जाते, कारण डीव्हीआर (सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा संच) जुन्यावर नवे चित्रण चढवतो. तुम्ही तो रकाना कधी कोरा सोडला नाहीत.

आपले कृतज्ञ,
बचाव पक्षाचे वकील