झिर्कोनियाचे पैसे घेऊन धातूचा ब्रिज बसवल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : म्हापसा शाखेत बसवलेला तीन दातांचा ब्रिज

महोदय,

आईची खालची दाढ काढल्यावर तुमच्या म्हापसा शाखेत तिला ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर आधार घेऊन पक्का बसवलेला कृत्रिम दात, बसवला. बिलावर 'झिर्कोनिया (पांढरं, कडक सिरॅमिक), ३ युनिट' म्हणजे तीन दात, असं छापलंय आणि पैसेही त्याचेच घेतलेत. चवथीला नेवरी (करंजी) खाताना मधल्या दाताचा टवका उडाला आणि खाली करडा, चकचकीत धातू उघडा पडला. झिर्कोनियात असा धातू नसतो. वरचा थर उडाला तरी आत पांढरंच दिसतं. म्हणजे बसवलाय तो धातूवर पोर्सेलीन चढवलेला ब्रिज, जो बराच स्वस्त पडतो. हिरडीलगतची काळसर रेघ आम्ही आधीच दाखवली होती, तेव्हा "हिरडीची सावली" म्हणून आमची बोळवण झाली.

आता काउंटरवरून उत्तर मिळतं, कडक खाल्लं असेल. नेवरी फोडायला अडकित्ता लागत नाही. आणि टवका कशानेही उडो, आत धातू कुठून आला?

दुसरी बाब पैशांहून मोठी आहे. ब्रिजसाठी शेजारचे दोन्ही दात, कीड नसलेले, घासून बारीक केले. एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, पुन्हा येत नाही, त्या दातांना आता कायमची कॅप लागणार. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, केलं असतं तर ते शाबूत राहिले असते. स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने जातात, खर्च जास्त, शिवाय आईला मधुमेह. कदाचित आम्ही ब्रिजच घेतला असता. काढता-घालता येणारी एका दाताची कवळीही चालली असती. पण यातलं काहीच सांगितलं नाही. खुर्चीत आडवं करून, तोंडात कापूस असताना "ब्रिज करूया ना?" एवढंच विचारलं. त्यावर माणूस मान हलवण्यापलीकडे काय करणार?

आमची मागणी : बिलाप्रमाणे झिर्कोनियाचा ब्रिज विनाशुल्क बसवा किंवा पूर्ण रक्कम परत करा. लॅबची पावती, वॉरंटी कार्ड आणि घासण्याआधीचा एक्स-रे द्या. नवा ब्रिज करायचा तर आधीचा काढताना दातांना इजा झाल्यास त्याची जबाबदारी लेखी घ्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

बिलाची प्रत आणि फोटो जोडले आहेत. उडालेला टवका आमच्याकडे आहे. बघायला दाखवू, ताब्यात देणार नाही.

आपला,
रुग्णाचा मुलगा, डिचोली