पर्किनच्या बापाची गोष्ट

पुणे

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. नोकरी सोडून रंगरसायनांचा छोटा कारखाना टाकायचा म्हणतोस आणि दाखला देतोस इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनचा. अठराव्या वर्षी जांभळा रंग सापडला नि पोरगा मालामाल झाला! अरे, ही अर्धीच गोष्ट झाली.

सापडण्याचा भाग तुला पाठ आहेच. १८५६ची ईस्टरची सुट्टी, लंडनच्या घरातली प्रयोगशाळा. हिवतापावरचं औषध क्विनीन करायला गेला आणि कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनपासून हाती आला काळा साका. तो अल्कोहोलमध्ये विरघळवला, तर जांभळा!

मला त्यापुढचं वर्ष जास्त मोलाचं वाटतं. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुलर या कापड रंगवणाऱ्यांनी नमुना पाहून कळवलं, की कापड फार महाग पडणार नसेल तर शोध मोठा आहे. गुरू हॉफमन यांना मात्र त्यानं कॉलेज सोडणं अजिबात पसंत नव्हतं. अशा वेळी बांधकामाच्या धंद्यातल्या बापानं, जॉर्जनं, साठवलेला बहुतेक पैसा पोराच्या हवाली केला. भाऊ थॉमसही सोबत आला. १८५७मध्ये लंडनबाहेर ग्रीनफर्ड ग्रीनला, कालव्याकाठी, बांधकाम सुरू झालं. पर्किननं तोवर रसायनांचा कारखाना आतून पाहिलासुद्धा नव्हता!

आणि अडचणी कसल्या? हव्या त्या तीव्रतेचं नायट्रिक आम्ल बाजारात मिळेना, म्हणून तेही घरचंच करावं लागलं. ॲनिलीन बनवण्यासाठी आधी बेंझीनचं नायट्रेशन, म्हणजे नायट्रिक आम्लाशी अभिक्रिया, मोठ्या लोखंडी भांड्यात करायचं. तुला सांगायला नको, तिथे जरा चुकलं की सगळंच उडालं. रेशीम रंगलं, पण सुतावर रंग बसेना. टॅनिन (झाडांच्या सालीतला तुरट पदार्थ) वापरून तो बसवण्याची रीत शोधावी लागली. त्यात फ्रान्समधलं पेटंट हुकलं आणि तिकडचे लोक बिनदिक्कत तोच रंग करू लागले.

१८६९मध्ये ॲलिझरीन या लाल रंगाच्या पेटंटला तो बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या एक दिवस मागे पडला. तरी बाजार वाटून घेतला आणि १८७१मध्ये २२० टन माल काढला. पुढे जर्मनांशी टक्कर द्यायची तर कारखाना कितीतरी मोठा करावा लागणार, हे ओळखून १८७४मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, सगळं विकून तो पुन्हा संशोधनाकडे वळला. विकायची वेळ त्याला कळली, याचंच मला कौतुक.

तेव्हा नायट्रेशन स्वतः करणार की तयार माल घेणार, ते आधी ठरव. आणि काकांच्या फंडाला हात लावणार असशील, तर त्यांच्यासमोर बसून हिशेब मांड. मी येत्या रविवारी येतोच आहे.

तुझा,
अविनाश