वीस डॉलर मिळाले, तास नाहीत

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तासाला २० डॉलर, म्हणजे आपले सतराशेच्या वर रुपये मिळत असताना बर्गरच्या दुकानातल्या पोरांना युनियन कशाला हवी, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते. आत्याची नात आता इथे अशाच दुकानात कामाला लागणार आहे, तेव्हा पत्र तिलाही द्या.

२० डॉलरचा दर १ एप्रिल २०२४ पासून आहे, पण फक्त कॅलिफोर्नियात, आणि तोही देशभर ६० किंवा जास्त दुकानं असलेल्या फास्ट फूड साखळ्यांपुरता. देशाचा किमान दर २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलाय. आणि हे २० डॉलर कुणी आपणहून दिलेले नाहीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कला दोनशेच्या आसपास कामगार १५ डॉलर आणि युनियन मागत संपावर गेले, तिथून हे सुरू झालं. दर वाढला. युनियन मात्र राहूनच गेली.

आता हिशेब मांडा. आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे ४१,६०० डॉलर होतात. पण ४० तास देतंय कोण? २५ मिळाले तर २६,०००. आमच्या भागात एका बेडरूमचं घर महिन्याला २,००० च्या खाली सहसा मिळत नाही; म्हणजे २४,००० भाड्यातच गेले. करही त्यातूनच जायचे.

तास कमी का, याचं कारण दुकानाच्या हिशेबात आहे. अमेरिकेतली मॅकडोनाल्ड्सची सुमारे ९५ टक्के दुकानं फ्रँचायझीवाल्यांची आहेत, म्हणजे नाव कंपनीचं, पण दुकान चालवणारा मालक वेगळा. हा मालक मूळ कंपनीला विक्रीच्या ४ ते ५ टक्के रॉयल्टी, म्हणजे नाव वापरायचे पैसे, देतो, जाहिरातीला आणखी साधारण ४ टक्के, वर जागेचं भाडं. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. दुकान तोट्यात असलं तरी ती जातेच. माल ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचा. मग मालकाच्या हातात उरतो तो एकच खर्च, मजुरी. मॅनेजरच्या स्क्रीनवर विक्रीच्या किती टक्के मजुरी झाली तो आकडा सतत दिसत असतो. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं आणि आकडा चढला की दोघांना घरी पाठवतात. शिवाय आठवड्याला सरासरी ३० तास भरले की ५० किंवा जास्त पूर्णवेळ कामगारांइतकी माणसं असलेल्या मालकाला आरोग्य विमा द्यावा लागतो, नाहीतर दंड. त्यामुळे २८-२९ वरच हात आखडतो.

दरातूनही पैसे गळतात, बहुतेक करून दुकान बंद होताना. रात्री ११ वाजता पंच आउट, म्हणजे काम संपल्याची नोंद, करायला लावतात, पण फ्रायरचं तेल गाळायचं असतं. पावणेदोनशे अंशांच्या आसपासचं तेल घाईत काढलं तर हात भाजतो, म्हणून ते काम निवांतच करावं लागतं. मग तळ खरवडणं, फरशी पुसणं. हा अर्धा तास फुकट. रोज अर्धा तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर ५० डॉलर गेले.

मालकांची बाजूही खोटी नाही. बर्कली विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांना दरवाढीनंतर किमती सुमारे ३.७ टक्के वाढलेल्या दिसल्या, ४ डॉलरच्या बर्गरला १५ सेंट, आणि नोकऱ्या गेलेल्या दिसल्या नाहीत. दुसऱ्या एका अभ्यासात मात्र अंदाजे १८,००० नोकऱ्या कमी झाल्याचं आलं. वाद चालूच आहे. मला दरवाढ योग्यच वाटते, पण एकट्या दराने भागत नाही असंही वाटतं.

बाबा, तुमच्या कंपनीत एक गेट, एक मालक आणि दर तीन वर्षांनी करार. इथे दुकानं वेगवेगळ्या मालकांत विखुरलेली, आणि एकेका दुकानात २५-३० माणसं. ३० टक्के कामगारांनी युनियन हवी अशी कार्डं भरली की मतदान मागता येतं आणि बहुमत मिळालं की युनियन होते. पण वर्षभरात निम्म्याहून जास्त माणसं बदललेली असतात, आणि मालकाने कराराला बसलंच पाहिजे असं असलं तरी करार अमुक दिवसांत व्हावा अशी मुदत कायद्यात नाही. स्टारबक्समध्ये बफेलोच्या कामगारांनी डिसेंबर २०२१ मध्ये १९ विरुद्ध ८ मतांनी युनियन जिंकली. ती दुकानं तर कंपनीच्याच मालकीची, तरी तीन वर्षं उलटूनही करार नव्हता.

म्हणून कॅलिफोर्नियाने फास्ट फूडच्या सगळ्या धंद्यासाठी नऊ जणांची एक परिषद नेमली. त्यात मालक, कामगार दोघेही आहेत. ती वर्षाला जास्तीत जास्त ३.५ टक्के दर वाढवू शकते. पण कायदा करतानाच तिला तासांच्या वेळापत्रकाला हात लावू दिला नाही, आणि दुकानातल्या चुकांची जबाबदारी मूळ कंपनीवर टाकायची तरतूदही तडजोडीत गेली. जिथे दुखतंय तिथेच औषध नाही. डेन्मार्कमध्ये १९८८-८९ ला मॅकडोनाल्ड्स करार मानेना, तेव्हा बंदरातल्या, छपाईतल्या आणि ट्रकवाल्यांच्या युनियनांनी त्यांचा माल अडवला. कंपनीने सही केली. अमेरिकेत असा दुसऱ्यांच्या मदतीचा बहिष्कार बेकायदा आहे.

आत्याच्या नातीला एवढं सांगा. वेळापत्रकाचा दर आठवड्याला फोटो काढायचा. येण्या-जाण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहायची, कारण पंचाची नोंद मॅनेजर बदलू शकतो. पाचवा तास संपायच्या आत ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी, आणि दर चार तासांना १० मिनिटांची पगारी विश्रांती. जेवणाची चुकली तर एका तासाचा जादा पगार. विश्रांतीची चुकली तर तिचा आणखी एका तासाचा. आल्याआल्या परत पाठवलं तर ठरलेल्या शिफ्टच्या निम्मे तास, किमान दोन आणि जास्तीत जास्त चार, भरून मिळतात. पैसे अडले तर राज्याच्या लेबर कमिशनरकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही. आणि पगाराबद्दल सहकाऱ्यांशी बोलायला कायद्याने पूर्ण मोकळीक आहे, मॅनेजर काहीही म्हणो.

पहिली पगाराची पावती आली की मला पाठवायला सांगा, तिच्या वहीशी ताडून बघते.

आईला गुडघ्याचं तेल नियमित लावायला सांगा.

तुमची,
नंदा