मागच्या ब्रेक पॅडच्या सदोष संचाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : पिकअपच्या मागच्या चाकांच्या ब्रेक पॅड संचातील एक पॅड सदोष निघाल्याबाबत व सोबतच्या माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनांबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा मागच्या डिस्क ब्रेकचा चार पॅडचा संच मी गेल्या महिन्यात विकत घेतला आणि माझ्या पिकअपला स्वतः घरी बसवला. त्यातला उजव्या चाकाचा आतला पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीत, अडकून बसला, ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहिला आणि गाडी अडीचशे किलोमीटर चालण्याच्या आतच त्या बाजूची डिस्क तापून तिच्यावर निळे डाग पडले. मी आपल्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार केली, तेव्हा ‘पॅड अधिकृत कारागिराकडून बसवून घेतलेले नसल्याने हमी लागू होत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. हे उत्तर मला मान्य नाही. दोष बसवण्यात नसून पॅडमध्ये आहे, हे मी मोजून पाहिलेले आहे, आणि म्हणूनच सगळा तपशील आपल्यापुढे ठेवत आहे.

या गाडीचे ब्रेक मी अनेक वर्षे स्वतःच पाहत आलो आहे. जुन्या पॅडचा लायनर, म्हणजे डिस्कला घासणारा थर, तीन मिलिमीटरवर आला होता आणि झीज दाखवणारी पत्र्याची जीभ डिस्कला लागून करकर सुरू झाली होती, म्हणून पॅड बदलायला घेतले. दोन्ही चाके उतरवून गाडी स्टँडवर घेतली. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधला. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन्ही स्लाइड पिन काढून पुसल्या, त्यांना ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावले आणि रबरी बूट फाटलेले नाहीत हे पाहिले. ब्रॅकेटमधल्या जुन्या क्लिपा काढून त्यांच्याखाली साठलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढला, कारण क्लिपेखाली गंज फुगला की खाच अरुंद होते आणि चांगला पॅडही अडकतो. नंतर संचासोबत आलेल्या नव्या क्लिपा बसवल्या.

चारपैकी तीन पॅड अंगठ्याने ढकलताच खाचेत सरकले. चौथा, म्हणजे उजव्या चाकाचा आतला पॅड, अर्ध्यावर अडला. तिथे मी थांबून आपले माहितीपत्रक पुन्हा वाचले. त्यात स्पष्ट छापले आहे, ‘नवा पॅड घट्ट वाटल्यास रबरी हातोडीने हलके ठोकून बसवावा.’ मी तसेच केले. तो पॅड त्याच क्षणी काढून मोजायला हवा होता, असे आज वाटते, पण ब्रेक बनवणाऱ्या कंपनीनेच छापून दिलेली सूचना चुकीची असेल अशी शंका त्या वेळी आली नाही. जो पॅड ठोकून आत घालावा लागतो तो, कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागे सरकल्यावर, आपोआप सैल होणार नाही, हे ब्रेकचे काम जाणणाऱ्या कोणालाही कळावे. आपल्या कंपनीकडून तर ही अपेक्षा सर्वांत आधी आहे.

पॅड बसवल्यावर पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबले, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली आणि मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने पुन्हापुन्हा ब्रेक लावून, मधे त्यांना निवू देत, पॅड डिस्कवर रुळवले. पहिले काही दिवस तक्रार नव्हती. मग एकदा सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीपेक्षा लवकर थांबल्यासारखी वाटली. उतरल्यावर जळका वास आला. हाताची मागची बाजू चाकाजवळ नेली, तर डावे चाक जेमतेम कोमट होते आणि उजव्याजवळ हात धरवत नव्हता.

गाडी निवल्यावर चाक काढले. कॅलिपर पिनांवर मोकळा सरकत होता आणि पिस्टनही सहज मागे जात होता. अडकलेला होता तो फक्त आतला पॅड, आणि तो काढायला मला पाना घालून उचकावा लागला. बाकी तिन्ही पॅडचे लायनर जवळजवळ नवे होते, याचा मात्र दीड मिलिमीटर झिजून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. जुना पॅड त्याच खाचेत, त्याच नव्या क्लिपांवर घालून पाहिला, तेव्हा तो बोटाने सरकला. म्हणजे ब्रॅकेटचा दोष नव्हता. मग व्हर्नियर घेतला. जुन्या पॅडच्या आणि तीन चांगल्या पॅडच्या कानांचे, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकांचे, माप १५.४ ते १५.५ मिलिमीटर भरते. सदोष पॅडचा एक कान १५.४ आहे आणि दुसरा एका कोपऱ्याला १५.९. तो कोपरा उजेडात धरला की दोष नुसत्या डोळ्यांनी दिसतो : बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅडची धातूची पाठ, कापताना राहिलेली धातूची धार कानसेने न काढता तिच्यावरच जाड रंग चढवला आहे, आणि ठोकून बसवल्यामुळे तिथला रंग सोलून धार उघडी पडली आहे.

अर्धा मिलिमीटर ऐकायला फार वाटत नाही, परंतु पॅड डिस्कपासून सुटतो तोच मुळी एका मिलिमीटरहून कमी अंतराने, त्यामुळे इतका अडथळा त्याला धरून ठेवायला पुरतो. त्यातून हे चाक मागचे आहे. पुढचा एखादा ब्रेक धरून राहिला तर स्टिअरिंग एका बाजूला ओढते आणि चालकाला लगेच कळते. मागचा धरून राहिला तर स्टिअरिंगला सहसा काहीच जाणवत नाही. पिकअप मालाने भरलेली असती आणि लांबचा उतार लागला असता, तर तीच उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोचून त्यात वाफेचे बुडबुडे झाले असते व पेडल पायाखाली खोल गेले असते. केवळ लवकर लक्षात आले म्हणून माझे नुकसान एका डिस्कवर भागले.

आता माहितीपत्रकाविषयी. खोक्यावर मागच्या चाकांचे चित्र आहे, मात्र आतला कागद उघडउघड पुढच्या ब्रेकसाठी लिहिलेला आहे. त्यातली पहिली सूचना ‘काम सुरू करण्यापूर्वी हँडब्रेक ओढावा’ अशी आहे. ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरवरच चालतो तिथे तो ओढला तर पॅड डिस्कला आवळले जातील आणि कॅलिपर निघणारच नाही. मागच्या कामासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे अनिवार्य ठरते. गिअर ‘पार्क’मध्ये असणे पुरेसे नाही, कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे, ते मोकळे फिरू शकते आणि गाडी घरंगळू शकते. ठोकळ्यांचा उल्लेख आपल्या कागदात एकदाही नाही. गाडीखाली माणूस असतो, त्यामुळे ही चूक मला पॅडच्या दोषापेक्षाही गंभीर वाटते.

त्याच कागदात ‘पिस्टन क्लॅम्पने दाबून मागे सारावा’ असेही लिहिले आहे. माझ्या गाडीचा मागचा पिस्टन आवश्यक हत्याराने दाबत दाबत फिरवूनच आत जातो, आणि शेवटी त्याच्या तोंडावरची खाच पॅडच्या पाठीवरच्या उंचवट्यासमोर आणावी लागते, नाही तर पॅड तिरका बसतो. नुसता क्लॅम्प आवळला तर आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडते. विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत तर आधी तो दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून मला हे ठाऊक होते म्हणून कॅलिपर वाचला. आपल्या कागदावर विसंबून काम करणाऱ्याचा वाचणार नाही.

राहिला प्रश्न घरी बसवण्याचा. आपल्याच खोक्यावर ‘घरच्या घरी सहज बसवा, विशेष हत्याराची गरज नाही’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. विकताना हे आश्वासन द्यायचे आणि तक्रार आली की घरी बसवल्याचेच कारण पुढे करून हमी नाकारायची, हे न्यायाला धरून नाही. शिवाय वाढीव धार हा कारखान्यातला दोष आहे. पॅड कोणीही बसवला असता तरी ती धार तिथे होतीच.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. सदोष संच बदलून मिळावा. मागच्या डिस्क जोडीनेच बदलणे योग्य असल्याने दोन्ही डिस्कचा खर्च कंपनीने द्यावा. खोक्यावर आणि पॅडच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकाच्या उत्पादनातील इतर संच तपासून त्यांचे काय केले ते मला लेखी कळवावे. ठोकून बसवण्याची आणि हँडब्रेक ओढण्याची सूचना माहितीपत्रकातून काढावी, आणि मागच्या ब्रेकसाठी वेगळा, तपासलेला कागद खोक्यात घालावा. या शेवटच्या मागणीत माझा वैयक्तिक फायदा काहीच नाही, तरी तिच्याबाबत मी सर्वाधिक आग्रही आहे.

बिलाची प्रत, व्हर्नियर लावलेल्या चारही पॅडची छायाचित्रे, डिस्कचे छायाचित्र आणि आपल्या उत्तराची प्रत पत्रासोबत जोडली आहे. सदोष पॅड आणि डिस्क मी जपून ठेवल्या आहेत; आपल्या तंत्रज्ञाने त्या माझ्यासमोर मोजाव्यात, पाहणीच्या नावाखाली त्या आधी पाठवून देण्याची माझी तयारी नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपला,
एक ग्राहक