गल्लीत शिंपडलेलं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाण्यांवर लिहून येतं, ते बहुधा सिनेमातल्याच. मला एका अझरबैजानी लोकगीताविषयी लिहायचंय: ‘कुचेलेरे सू सेपमिशेम’. नातवानं मोबाइलवर तिथले गायक रशीद बेहबुदोव यांच्या आवाजात ते लावलं आणि ‘कुचे’ ऐकताच मेथी निवडणारा माझा हात थांबला. वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. कूचा म्हणजे गल्ली, हे घरातच कानावर पडलेलं. मग नातवाला अर्थ शोधायला लावला.

गल्लीत पाणी शिंपडलंय, यार येईल तेव्हा धूळ उडू नये. त्यानं असं यावं, असं जावं की दोघांत शब्दाला शब्द लागू नये. पुढं ती समोवर, म्हणजे चहाचा बंब, पेटवते, पेल्यात साखर टाकते, पण यार निघून गेलेला. पेले फळीवर, एक इकडं, एक तिकडं; हफ्ता, म्हणजे आठवडा झाला, दिसलेला नाही. जान, हफ्ता, पियाला हे शब्द कॅस्पियनकाठच्या त्या गाण्यातही आहेत नि आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारातही.

माझे यजमान एसटीत वाहक होते. मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. गल्ली तेव्हा मातीची, उन्हाळ्यात नुसता फुफाटा. त्यांची वेळ झाली की मी दारात दोन तांबे पाणी मारायची. सासूबाई म्हणायच्या, सडा सकाळी घालतेत, हे काय भर दुपारी? मी गप्प. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्यांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. त्या उन्हाळ्यात दारात थेंब शिंपडला नाही. ते यायचे आणि उंबऱ्याशी बसून पायाची धूळ झटकायचे. आता ते नाहीत, आणि ते झटकणं मला अजून लागतं.

हे गाणं इतकी वर्षं टिकलंय ते या पाण्यामुळंच, असं मला वाटतं. मातीवर शिंपडलेलं पाणी आपल्याकडच्या उन्हात पाव तासात वाळतं. लवकर शिंपडलं तर वाया, उशीर झाला तर माणूस धुळीतून आत आलेला. शिंपडणारीला त्याची वेळ बरोबर ठाऊक असावी लागते.

परमुलखातल्या अशा गाण्यांचे बोल देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ देऊन पुरवणीत छापावेत, ही विनंती. सुरुवात याच गाण्यानं करावी. कात्रण मी दिवळीत जपून ठेवीन.

— एक निवृत्त शिक्षिका, लातूर